उकिरडा कोणी ‘बांधतो’ का? शिंपल्यांच्या टेकाडांसाठी मराठी शब्द

पंचगंगाकाठ
दक्षिण ब्राझीलमधील सांता कातारिना किनाऱ्यावरच्या प्रागैतिहासिक लोकांविषयीचा एक लेख मी सध्या मराठीत आणते आहे. उपोष्ण हवेच्या त्या पट्ट्यात खाऱ्या सरोवरांच्या कडेकडेने शिंपल्यांचे प्रचंड ढीग उभे आहेत. त्यांतले काही तीस मीटरपर्यंत उंच होते, आणि ब्राझीलच्या किनाऱ्यावरील या परंपरेचा काळ ढोबळमानाने ८००० ते १००० वर्षांपूर्वीचा मानला जातो. इंग्रजीत त्यांना ‘शेल मिडन’ म्हणतात, आणि पहिल्या खर्ड्यात मी ‘शिंपल्यांचा उकिरडा’ असे लिहिले आहे. अडचण पुढच्याच वाक्यात उभी राहते, कारण मूळ लेखक म्हणतो की या लोकांनी हे ढीग पिढ्यान्‌पिढ्या ‘बांधले’. मराठीत उकिरडा साचतो, माजतो, उपसला जातो; तो बांधल्याचे मी तरी कुठे वाचलेले नाही. संपादकांचे म्हणणे असे की नाम चोख आहे, क्रियापद बदला. माझे म्हणणे नेमके उलट आहे. जाणकारांनी मत द्यावे.

शाहूपुरीचे मास्तर
संपादकांच्या बाजूने एवढे म्हणता येईल की ‘मिडन’चे मूळच उकिरड्यात आहे. डेन्मार्कच्या किनाऱ्यावरचे शिंपल्यांचे ढीग नैसर्गिक आहेत की माणसाने केलेले, हे तपासण्यासाठी तिथल्या विज्ञान अकादमीने १८४८ साली समिती नेमली होती. त्या समितीतील स्टीनस्ट्रुप आणि वोर्सो यांच्या कामातून ‘स्वयंपाकघराचा उकिरडा’ या अर्थाचा डॅनिश शब्द शास्त्रात रूढ झाला आणि तिथून तो जगभर गेला. म्हणजे एका थंड किनाऱ्यावर पडलेले नाव दुसऱ्या गोलार्धातल्या लोकांवर लादले गेले आहे, आणि आपण ते तिसऱ्यांदा लादू नये. माझी सूचना ‘शुक्तिसंचय’ अशी आहे. शुक्ती म्हणजे शिंपला. संचय या शब्दात कचऱ्याचा वास नाही आणि ‘संचय केला’ म्हणताना जीभही अडखळत नाही.

बेलबागवाला
मास्तर, शुक्तिसंचय ऐकून कोणालाही बँकेची आवर्त ठेव आठवेल. प्रदर्शनात फलक वाचणाऱ्या माणसाला जो शब्द कोशात शोधावा लागतो, तो शब्द त्याच्यासाठी नाहीच, असे माझे स्पष्ट मत आहे.

कागलचा शेतकरी
उकिरड्याची एवढी बदनामी करण्याचे कारण मला कळले नाही. शहरातल्या माणसाला उकिरडा म्हटले की फेकलेली घाण दिसते. आमच्याकडे उकिरडा मालकीचा असतो, त्याला जागा नेमलेली असते, शेण, राख, वैरणीची पाचट त्यात रोज पडते आणि पावसाळ्यापूर्वी तो गाडीने शेतात जातो. एकमेकांच्या उकिरड्याच्या हद्दीवरून भाऊबंदांची भांडणे झालेली मी पाहिली आहेत. ‘बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो’ ही म्हण उगाच पडलेली नाही. राहता राहिला बांधण्याचा प्रश्न. आम्ही धान्याची रास घालतो, कडब्याची गंजी रचतो, उकिरडा मात्र भरतो. ‘या लोकांनी शिंपल्यांचा उकिरडा भरला’ असे लिहून पाहा. ‘रास’ हा शब्दही वाईट नाही, खळ्यावर राशीची पूजा होते. पण रास ही उचलण्यासाठीच घातलेली असते, आणि ताईंचे ढीग तर हजारो वर्षे जागचे हललेले दिसत नाहीत.

जुनी पोथी
कागलकरांना शास्त्राधार देतो. उकिरडा हा शब्द संस्कृत ‘उत्कर’ आणि त्याच्या प्राकृत रूपांवरून आलेला आहे. ‘उकरणे’ हे क्रियापदही त्याच धातूच्या घरातले. श्रौत यज्ञभूमीवर वेदी तयार करताना निघालेली माती आणि गवत टाकण्यासाठी जी जागा नेमलेली असते, तिला उत्कर म्हणतात. ती यज्ञभूमीच्या आराखड्याचाच भाग असते. कोठेही टाकले तर चालत नाही. तेव्हा टाकणे हा विधी असू शकतो, हे आपल्या भाषेने पूर्वीच मान्य केलेले आहे. पुरातत्त्वज्ञ ज्याला ‘उकरतो’ तो ‘उकिरडा’, इतकी सुबक जोडी दुसऱ्या कोणत्या भाषेत मिळेल, मला शंका आहे.

शाहूपुरीचे मास्तर
व्युत्पत्ती म्हणजे अर्थ नव्हे. यज्ञातला उत्कर आज महाराष्ट्रात किती लोकांच्या डोळ्यांपुढे येतो, हे पोथीवाल्यांनीच सांगावे.

पंचगंगाकाठ
चर्चा रंगली आहे, पण मूळ वस्तू काय आहे ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, नाहीतर आपण केवळ शब्दच उकरत बसू. लेखातले मुख्य स्थळ जाबुतिकाबैरा क्रमांक २ हे आहे. त्याचा छेद घेतला तेव्हा शिंपल्यांचे जाड, फिकट थर आणि त्यांच्या मधून जाणारे पातळ, काळपट थर असे आलटूनपालटून दिसले. काळपट थरांत कोळसा, माशांची हाडे, चुली आणि दफने आहेत, आणि दफनांभोवती खांब रोवल्याच्या खळग्या आहेत. मृत पुरायचा, त्याच्याभोवती खांब रोवून जेवणावळ करायची आणि नंतर सगळ्यावर शिंपल्यांची भर घालायची, असा क्रम अनेक शतके चाललेला आहे. दफनांचा अंदाज हजारोंच्या घरात जातो. घरांच्या खुणा मात्र तिथे मिळालेल्या नाहीत. हाडांच्या रासायनिक तपासणीतून असेही दिसते की या लोकांचे पोट मुख्यतः माशांवर भरत होते, म्हणजे शिंपले हे उष्ट्यापेक्षा बांधकामाचे साहित्य म्हणून अधिक महत्त्वाचे होते. म्हणूनच ‘भरला’ या क्रियापदाने माझे समाधान होत नाही.

ब्रह्मपुरीच्या पायथ्याशी
मग आपल्याच गावातला शब्द का घेत नाही? कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीला आपण टेकडी म्हणतो, पण १९४५-४६ मध्ये पुरातत्त्वज्ञ सांकळिया आणि दीक्षित यांनी तिथे उत्खनन केले तेव्हा आत सातवाहनकालीन वस्ती निघाली. समुद्रदेव पोसायडनची जी कांस्यमूर्ती टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे, तीही ब्रह्मपुरीचीच. अशा माणसाच्या वावराने चढलेल्या जमिनीला खेडोपाडी ‘पांढरी’ किंवा ‘पांढरीचे टेकाड’ म्हणतात, आणि मराठीत लिहिणारे पुरातत्त्वज्ञही हा शब्द सर्रास वापरतात. ‘शिंपल्यांची पांढरी’ म्हटले तर ती शब्दशः पांढरीही आहे.

कागलचा शेतकरी
पांढरी म्हणजे वस्तीची जागा आणि काळी म्हणजे कसायची जमीन. गावगाड्यात हा भेद पक्का आहे. तिथे कोणी राहतच नव्हते, असे ताई आत्ताच म्हणाल्या. मढी पुरलेल्या जागेला पांढरी म्हटलेले आमच्याकडे खपणार नाही, तिला मसणवटा म्हणतात. शिवाय ताईंच्या टेकाडात पांढऱ्या थरात नुसती भर आहे आणि माणसांचा वावर काळ्या थरात आहे, म्हणजे आपल्या काळी-पांढरीचा हिशेब तिथे उलटा लागतो.

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण
घाटावरच्या मंडळींनी शिंपल्याचाच घोळ घातला आहे, म्हणून लिहिते. त्या ब्राझीलच्या ढिगांत मुख्यतः जो लहान, फुगीर शिंपला असतो, तो आमच्याकडे खातात त्या ‘तिसऱ्या’ नावाच्या शिंपल्यांच्याच कुळातला आहे. त्याला शंख म्हणू नये, कालवही म्हणू नये. ‘शिंपी’ हा शब्द आमच्याकडे चालतो, पण कोल्हापुरात ‘शिंप्यांचे टेकाड’ असे लिहिले तर लोक कापड घेऊन येतील. दुसरी गोष्ट म्हणजे शिंपांचा चुना. कोकणात शिंपा भाजून चुना करण्याची रीत जुनी आहे, आणि मला वाटते त्या ढिगांचेही तेच झाले असेल.

पंचगंगाकाठ
तेच झाले. वसाहतकाळापासून ते ढीग चुन्यासाठी भाजले गेले, पुढे रस्त्यांच्या भरावासाठी फोडले गेले. १९६१ साली ब्राझीलने पुरातत्त्वीय स्थळांच्या संरक्षणाचा कायदा केला, तोवर कित्येक ढीग सपाट झालेले होते. म्हणूनच मी नावाविषयी हटून बसले आहे, कारण उकिरडा म्हटलेली वस्तू उपसताना कोणाला काही वाटत नाही.

मिरजकर
शंखांचा विषय निघाला म्हणून अमेरिकेतल्या फ्लोरिडाचे उदाहरण देतो, कारण तिथे शंखही आहेत. नैऋत्य फ्लोरिडातील कालुसा लोकांच्या टेकाडांत मोठे शंख विपुल सापडतात. माउंड की नावाचे त्यांचे राजधानीचे बेट बव्हंशी शिंपल्या-शंखांच्या भरावाने घडलेले आहे, आणि १५६६ साली स्पॅनिश सरदार तिथे पोहोचला तेव्हा राजाच्या घरात दोन हजार माणसे उभी राहू शकतील, अशी नोंद त्याच्या मंडळींनी केली आहे. हे लोक शेती करत नव्हते, हेही लक्षात घ्यावे. आता त्या राजाचा वाडा ‘उकिरड्यावर’ होता, असे मराठीत लिहून दाखवावे.

जुनी पोथी
आपल्या दारातली उलटी गोष्ट सांगतो. कर्नाटक आणि तेलंगणात राखेची टेकाडे आहेत. भूवैज्ञानिक रॉबर्ट ब्रूस फूट यांच्या काळापासून त्यांच्यावर वाद चालू होता, आणि पुरातत्त्वज्ञ ऑल्चिन यांनी १९५७ मध्ये उतनूर येथे खणून दाखवले की ती नवाश्मयुगीन गोठ्यांतल्या शेणाचे ढीग वारंवार पेटून झालेली आहेत. हंपीजवळ निंबापूरच्या अशाच टेकाडाला लोक वालीच्या दहनाची राख म्हणतात. म्हणजे इकडे अस्सल शेणाच्या उकिरड्याला लोकांनी वानरराजाची चिता केले, आणि तिकडे खऱ्या स्मशानाला विद्वानांनी उकिरडा केले. निंबापूरच्या राखेला जर आपण बिनदिक्कत ‘टेकाड’ म्हणतो, तर शिंपल्यांनाही तेच चालावे. उत्करावरचा माझा हट्ट मी या एका वाक्यापुरता बाजूला ठेवतो.

शाहूपुरीचे मास्तर
टेकाड नैसर्गिकही असते, ‘टेकाड बांधले’ हेही कानाला खटकते. बांधण्याचा अर्थ नामातच हवा असेल तर ‘स्तूप’ घ्या. संस्कृतात स्तूप म्हणजे मुळात ढीग, आणि आत अस्थी असतात हेही जुळते.

बेलबागवाला
आणि वाचक सांता कातारिनात बुद्ध शोधत बसेल.

मिरजकर
सरळ तिथलाच शब्द का ठेवू नये? पोर्तुगीजमध्ये या ढिगांना ‘सांबाकी’ म्हणतात. तिथल्या मूळ रहिवाशांच्या तूपी भाषेत ‘तांबा’ म्हणजे शिंपला आणि ‘की’ म्हणजे ढीग, असा त्याचा उलगडा देतात. आपण त्सुनामी घेतला, इग्लू घेतला, हा तर उच्चाराने आपलाच वाटतो. खाऊन उरलेले ते ‘बाकी’, हेही त्यात ऐकू येते.

जुनी पोथी
‘बाकी’ अरबीतून आलेला आहे, तूपीशी त्याचा सुतराम संबंध नाही. असल्या नादजुळणीवर मी पूर्वी इथेच पुष्कळ लिहिले आहे.

वेंगुर्ल्याची माहेरवाशीण
सांबाकी चालेल, पण पहिल्या उल्लेखाला तो काय आहे ते सांगावेच लागेल, आणि सांगताना पुन्हा ढीग, टेकाड, उकिरडा यांतलेच काहीतरी लिहावे लागेल.

पंचगंगाकाठ
तूर्त मथळ्यात ‘सांबाकी’ आणि मजकुरात ‘शिंपल्यांचे टेकाड’ असे ठेवते. क्रियापद ‘रचले’ घेते, ते कागलकरांच्या गंजीवरून. संपादक काय म्हणतात ते कळवीन. याच लेखात पुढे दगडात घडवलेल्या मासे, पक्षी आदींच्या गुळगुळीत मूर्ती येतात. काही या टेकाडांतल्या दफनांबरोबर मिळालेल्या आहेत आणि पुष्कळांच्या पोटाला वाटीसारखा खळगा आहे. मूळ संज्ञेचा अर्थ केवळ ‘प्राणी-पाषाण’ इतकाच होतो. ‘प्राणिशिल्प’ लिहिले तर खळगा निसटतो.

कागलचा शेतकरी
खळग्यात काही कुटत असतील तर तो खल झाला.

शाहूपुरीचे मास्तर
कुटत होते याला पुरावा काय? ‘पाषाणपात्र’ म्हणा.

बेलबागवाला
माशाच्या आकाराचे आणि पोटात खळगा असलेले लाकडी कुंकवाचे करंडे जोतिबाच्या यात्रेत माझ्या आजीने घेतलेले आहेत. ‘करंडा’ म्हणायला काय हरकत आहे?

शाहूपुरीचे मास्तर
करंड्याला झाकण असते.