पेम्फिगस: गोंद सुटतो, की पेशीला चुकीचा निरोप जातो?

निशिगंधा

पाच वर्षांपूर्वी आईला पेम्फिगस असल्याचं कळलं. त्याआधी चार महिने 'तोंड आलंय' म्हणून बी-कॉम्प्लेक्स, तोंडात लावायचं जेल आणि जाईचा पाला चावणं चाललं होतं. दुधात कुस्करलेली भाकरीसुद्धा तिला गिळवत नव्हती. मग पाठीवर फोड उठले. त्वचेच्या डॉक्टरांनी फोडाशेजारची चांगली दिसणारी कातडी अंगठ्याने जरा दाबून सरकवली, तर तिचा ओला पापुद्रा सुटून आला. ते दृश्य माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही.

तेव्हा आम्हाला सांगितलं गेलं, "पेशींमधल्या गोंदावर शरीराच्याच अँटीबॉडी हल्ला करतायत." मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. मीही वर्गात हेच सांगत आले. आता मात्र मला हा 'गोंद' शब्द चुकीचा वाटतो आणि त्यावर इथे चर्चा व्हावी असं वाटतं.

या रोगात अँटीबॉडी ज्यांच्यावर बसतात ती डेस्मोग्लीन नावाची प्रथिनं, म्हणजेच तो 'गोंद', पेशीच्या पडद्याच्या आरपार असतात. बाहेरचं टोक शेजारच्या पेशीला धरतं, आतलं टोक प्लॅकोग्लोबिनसारख्या प्रथिनांमार्फत पेशीतल्या केराटिन तंतूंच्या जाळ्याला बांधलेलं असतं. बाहेर काय चाललंय त्याचा निरोप आत जातो. अँटीबॉडी बसली की पेशीतलं पी-३८ हे एन्झाइम जागं होतं, डेस्मोग्लीन आत ओढलं जातं, केराटिनचं जाळं आकसतं. २००६ साली उंदरांवर प्रयोग झाला: पी-३८ आधीच रोखून रुग्णांच्या अँटीबॉडी टोचल्या, तर फोड आले नाहीत. अँटीबॉडी होत्या, डेस्मोग्लीनही होतं. मग पेशी का सुटल्या नाहीत?

दुसरं, आईला शिरेतून डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलं आणि आठवड्याच्या आत नवे फोड थांबले. रक्तातली अशी अँटीबॉडी निम्मी व्हायलाच साधारण तीन आठवडे लागतात. मग इतक्या लवकर बदललं ते काय?

स्लाइडवाला

तुमच्या आईंनी फार सोसलं. पण तुमच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. वीस वर्षं कातडीच्या बायोप्सी पाहतोय.

लहान मुलांमध्ये स्टॅफिलोकोकसच्या एका विषाने कातडी भाजल्यासारखी सोलून निघते. ते विष डेस्मोग्लीन १ नेमक्या एका ठिकाणी कापतं, बाकी काही नाही. तिथे अँटीबॉडीचा संबंध नाही. तरी सूक्ष्मदर्शकाखाली फोड पेम्फिगस फोलिएशस या पेम्फिगसच्या प्रकारासारखाच दिसतो, कातडीच्या अगदी वरच्या थरात. १९९७ साली डेस्मोग्लीन ३चं जनुकच नसलेले उंदीर तयार केले, त्यांच्या तोंडातही पेशी तशाच सुटल्या. अँटीबॉडीचंही तसंच. दोन डेस्मोग्लीन एकमेकांना जिथे भिडतात त्या टोकाला बसणारी अँटीबॉडी फोड आणते, बुडाशी बसणारी सहसा आणत नाही. निरोपच महत्त्वाचा असता तर कुठेही बसली तरी चाललं असतं.

तुमच्या आईंचं आधी तोंड, मग पाठ, हेही गोंदाच्या हिशोबाने बरोबर बसतं. तोंडाच्या अस्तरात सगळा भार डेस्मोग्लीन ३वर असतो, १ फारच थोडं. म्हणून ३विरुद्धची अँटीबॉडी आली की आधी तोंड सोलतं. कातडीत तोवर १ सांभाळून घेतं. पुढे १विरुद्धही अँटीबॉडी तयार झाली की अंगावर फोड येतात.

आणि पी-३८? २०११मध्ये दाखवलं गेलंय की पेशी एकमेकींपासून सुटल्या की त्यामुळेच पी-३८ जागं होतं. तुम्ही कारण म्हणताय तो परिणाम आहे.

मुक्ता_स

मी स्वतः रुग्ण आहे. रिटुक्सिमॅब या औषधानंतर दीड वर्ष बरी आहे. निशिगंधाताई, 'गोंद' शब्द काढून टाकू नका. अंगावर जखमा होत्या तेव्हा घरात माझं ताट-वाटी वेगळं ठेवलं होतं. डॉक्टरांनी सासूबाईंना समोर बसवून सांगितलं, "हिच्या कातडीतला गोंद सुटतोय, हे कुणाला लागत नाही." त्या रात्रीपासून ताट परत पंगतीत आलं. तिथे पी-३८ सांगून काय झालं असतं?

निशिगंधा

मुक्ता, तुझं म्हणणं मनापासून पटलं. रुग्णाच्या घरी 'गोंद'च म्हणावं. माझा आग्रह वर्गापुरता आहे.

स्लाइडवाला, तोंड-पाठीचा हिशोब मला माहीत नव्हता. आईचा चार महिन्यांचा क्रम आज पहिल्यांदा समजला. पण विषाच्या उदाहरणाने एवढंच सिद्ध होतं की डेस्मोग्लीन कापलं की पेशी सुटतात. अँटीबॉडीसुद्धा त्याच वाटेने जाते हे त्यातून निघत नाही. आणि पी-३८ नंतर जागं होत असेल, तरी ते रोखल्यावर उंदरांना फोड का आले नाहीत? म्हणजे सुटायला लागलेल्या पेशींना आणखी सोडायला तेच लावत असणार. स्टेरॉइडचं तर तुम्ही उत्तरच दिलं नाहीत.

स्लाइडवाला

देतो. पेशींच्या प्रयोगांत स्टेरॉइडमुळे पेशी डेस्मोग्लीन जास्त बनवतात असं दिसलंय. गोंद वाढला, फोड थांबले.

निशिगंधा

पेशीला सांगून गोंद वाढवायचा, हा निरोपच झाला ना?

दर्या

मी स्तनाच्या कर्करोगावर काम करते, म्हणून दोघांनाही अडवते. लोब्युलर प्रकारात ई-कॅडहेरिन हे पेशींना जोडणारं प्रथिन हरवतं आणि पेशी एकेकट्या, मुंग्यांच्या रांगेसारख्या पसरतात. गाठ बऱ्याचदा हाताला लागत नाही, मॅमोग्राफीतही चुकते. ई-कॅडहेरिन आतल्या बाजूने बीटा-कॅटेनिन या प्रथिनाला धरून ठेवतं. त्यामुळे वाटलं होतं की ते गेलं की बीटा-कॅटेनिन मोकळं होऊन केंद्रकात शिरेल आणि वाढीचे हुकूम देईल. बहुतेक गाठींत तसं दिसत नाही, मोकळं झालेलं बीटा-कॅटेनिन पेशीच नष्ट करते. म्हणून निशिगंधा, ठरलेला निरोप प्रत्येक वेळी जातोच असं गृहीत धरू नका.

पण स्लाइडवाला, अस्तराची निरोगी पेशी आधारापासून सुटली की स्वतःहून मरते. लोब्युलर गाठीतली पेशी सुटूनही जगते. नुसता गोंद गेला असता तर ती मेली असती. आत काहीतरी बदललंय हे तुम्हालाही मान्य करावं लागेल.

स्लाइडवाला

कर्करोगापुरतं मान्य. पेम्फिगसमध्ये माझं मत तेच: सुरुवात गोंदापासून, पी-३८ नंतर आगीत तेल ओततं. तेल रोखणारं औषध माणसांत सिद्ध झालं तर मी इथे येऊन मत बदलल्याचं लिहीन. तोवर जोर अँटीबॉडी कमी करण्यावरच हवा. रिटुक्सिमॅब तेच करतं. २०१७च्या फ्रेंच चाचणीत रिटुक्सिमॅब आणि काही महिने स्टेरॉइड घेतलेले ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाविना पूर्ण बरे होते, नुसत्या स्टेरॉइडवर ३४ टक्के. रुग्णाला निरोपाच्या औषधाची आशा आज दाखवू नये.

निशिगंधा

आशा मी दाखवत नाहीये. 'गोंद' म्हटलं की मुलं पुढचा प्रश्नच विचारत नाहीत, एवढंच मला खटकतं. या वर्षी फळ्यावर डेस्मोग्लीनचं आतलं टोकही काढणार आहे, केराटिनपर्यंत.

मुक्ता_स

एक विचारते. माझ्या मामेबहिणीचं तोंड दोन महिने बरं होत नाहीये. उद्या बायोप्सी आहे. काय सांगू?

स्लाइडवाला

दोन तुकडे घेणार का ते विचारायला सांगा. एक जखमेच्या कडेचा, तो फॉर्मेलिनमध्ये. दुसरा जखमेच्या शेजारच्या चांगल्या दिसणाऱ्या अस्तराचा, तो फॉर्मेलिनमध्ये घालायचा नाही, त्याचं द्रव वेगळं असतं. अँटीबॉडीची हिरवी जाळी त्या दुसऱ्या तुकड्यातच दिसते. फॉर्मेलिनमध्ये पडला की तपासणी वाया जाते आणि बहिणीला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. लॅबला आज संध्याकाळीच फोन करा.