एकाच घरात वाढलेली भावंडे इतकी वेगळी का होतात? घडण्यात घराचा वाटा नेमका किती?

निशिगंध

नमस्कार. गेले काही महिने एक प्रश्न मनात घोळतो आहे. येथे या विषयाचे वाचन असलेली आणि प्रत्यक्ष काम करणारी मंडळी आहेत, म्हणून तो सविस्तर मांडते.

मी आणि माझा धाकटा भाऊ एकाच घरात वाढलो. वडील कष्टाळू आणि प्रामाणिक, परंतु शीघ्रकोपी. संध्याकाळी कुलुपात किल्ली फिरल्याच्या आवाजावरूनच पुढचे दोन तास कसे जाणार याचा मला अंदाज येत असे. किल्ली सावकाश फिरली तर मी होते तेथेच वाचत बसे. ती खडखडली की पुस्तक मिटून आतल्या खोलीत जाई. भाऊ मात्र तोच आवाज ऐकून मुद्दाम बाहेर येई आणि वडिलांनी काही बोलायच्या आधीच वाद ओढवून घेई. आईवडिलांचे भांडण झाले की काही दिवस अबोला चाले, आणि मग एखाद्या सकाळी काही घडलेच नव्हते अशा रीतीने बोलणे पुन्हा सुरू होई. त्या भांडणाविषयी आमच्याशी कोणी कधीच बोलले नाही.

आज मी चाळिशीकडे झुकले आहे. वरिष्ठांचा आवाज जरा चढला की माझा मुद्दा योग्य असूनही मी तो मागे घेते. नवऱ्याशी मतभेद झाला की मी गप्प होते, आणि त्या गप्प राहण्याचाच त्याला सर्वाधिक त्रास होतो. भाऊ मनातले बोलून मोकळा होतो, त्याला जिवाभावाचे मित्र आहेत, पण कोणाच्याही हाताखाली तो फार काळ टिकत नाही. घर तेच, आईवडील तेच, आणि आम्ही दोघे दोन टोकांना.

हे सर्व आता ऐरणीवर येण्याचे कारण म्हणजे माझी चार वर्षांची मुलगी. मी विचारात गढलेली असले की ती माझा चेहरा निरखते आणि विचारते, "आई, तू रागावलीस का?" हा प्रश्न ऐकला की पोटात गोळा येतो. माणसाच्या घडण्यात घराचा वाटा खरोखर किती असतो, मोठेपणी त्यात किती बदल होऊ शकतो, आणि मुलीच्या बाबतीत मी नेमके काय करावे, याविषयी कृपया लिहावे.

चिंतनिका

निशिगंध, तुमच्या वर्णनात मला सर्वांत महत्त्वाचे वाटले ते वडिलांचा राग नव्हे, तर अबोल्यानंतर काही घडलेच नाही अशा रीतीने सुरू होणारी ती सकाळ. याचे कारण सांगते.

मूल आणि त्याला सांभाळणारी व्यक्ती यांच्यातील बंधाचा सिद्धान्त जॉन बोल्बी यांनी मांडला आणि मेरी एन्सवर्थ यांनी तो निरीक्षणांनी तपासला. साधारण एक ते दीड वर्षाच्या मुलाला अनोळखी खोलीत थोडा वेळ आईपासून दूर ठेवायचे आणि ती परतल्यावर काय होते ते पाहायचे, अशी त्यांची पद्धत होती. आई गेल्यावर मूल रडले की नाही, यापेक्षा आई परतल्यावर ते तिच्याकडे धाव घेते का, तिच्या कुशीत शांत होते का आणि पुन्हा खेळाकडे वळते का, याला एन्सवर्थ यांनी अधिक महत्त्व दिले. नात्याची पारख दुराव्यापेक्षा पुनर्भेटीत होते, हे त्यातून पुढे आले.

एडवर्ड ट्रॉनिक यांनी १९७० च्या दशकात केलेला प्रयोगही याच दिशेने जातो. बाळाशी हसत-बोलत खेळणाऱ्या आईला काही मिनिटे चेहरा पूर्ण निर्विकार ठेवायला सांगितले जाई. बाळ आधी हसून पाहते, हात पुढे करते, आवाज काढते, आणि काहीच प्रतिसाद मिळाला नाही की मान फिरवते आणि कोमेजते. बहुतेकांना या प्रयोगाचा एवढाच भाग ठाऊक असतो. मला त्याच संशोधकांचे दुसरे निरीक्षण अधिक मोलाचे वाटते. अगदी प्रेमळ, लक्ष देणाऱ्या आईचा आणि बाळाचाही सूर निम्म्याहून अधिक वेळ जुळलेला नसतो. तो चुकतो, पुन्हा जुळतो, पुन्हा चुकतो. बिघडलेले सावरता येते हा विश्वास बाळ या सततच्या जुळवाजुळवीतूनच कमावते.

तुमच्या घरी राग दिसत होता, सावरणे मात्र दिसत नव्हते. ई. मार्क कमिंग्ज यांनी आईवडिलांच्या भांडणांचा मुलांवर होणारा परिणाम अनेक वर्षे अभ्यासला आहे. मतभेद झाले म्हणजे मुलांचे नुकसान झालेच, असे त्यात आढळत नाही. मुलांना पोखरते ते न मिटलेले भांडण, आणि त्यात अबोलाही येतो. भांडण मिटल्याचे मुलांना दिसले तर त्यांची अस्वस्थता बरीच ओसरते. इतकेच नव्हे, तर ते बंद दाराआड मिटले असले आणि मुलांना नंतर तसे सांगितले, तरीही दिलासा मिळतो.

तेव्हा मुलीने विचारले की तिला खरे उत्तर द्यावे. रागावला नसाल तर "नाही, मी कामाचा विचार करत होते", आणि रागावला असाल तर "हो, थोडी रागावले आहे, पण तुझ्यावर नाही, आणि थोड्या वेळाने मला बरे वाटेल." चार वर्षांच्या मुलीला आईचा चेहरा वाचता येतो, पण त्यामागचे कारण कळत नाही, ती मोकळी जागा ती स्वतःलाच दोषी धरून भरते. ती विचारते आहे याचाच अर्थ विचारण्याची तिला भीती वाटत नाही. तुम्ही त्या वयात विचारत नव्हता, थेट आतल्या खोलीत जात होता. हा फरक लहान नाही.

तर्कसंगत

वरील प्रतिसादाबद्दल आदर राखून एक वेगळी बाजू मांडतो, कारण मूळ प्रश्नातील 'भावंडे वेगळी का' हा भाग त्यात राहून गेला आहे.

आईवडील आणि मुले यांच्या वागण्यातील साम्य पाहून आपण लगेच घराकडे बोट दाखवतो, परंतु आईवडील मुलांना घराबरोबर जनुकेही देतात. गेल्या अर्धशतकातील जुळ्यांच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १ कोटी ४० लाखांहून अधिक जुळ्यांच्या जोड्यांची माहिती होती. निरनिराळ्या गुणवैशिष्ट्यांचा सरसकट विचार करता माणसामाणसांतील फरकांपैकी सुमारे ४९ टक्के फरक आनुवंशिकतेशी निगडित आढळला. हा आकडा समूहाविषयी आहे; एका व्यक्तीचा निम्मा स्वभाव जन्मजात आणि निम्मा संस्कारांचा, असा त्याचा अर्थ काढता येत नाही.

याहून विचार करायला लावणारी गोष्ट रॉबर्ट प्लोमिन आणि डेनिस डॅनियल्स यांनी १९८७ मध्ये मांडली. परिस्थितीचा प्रभाव असतो, पण व्यक्तिमत्त्वाच्या बाबतीत तो भावंडांना एकसारखे बनवणारा नसून बहुतांशी वेगळे करणारा असतो. कागदोपत्री घर एकच असले तरी प्रत्येक मूल वेगळ्या घरात वाढते. थोरलीच्या वाट्याला आलेले आईवडील तरुण आणि नवखे असतात. धाकट्याच्या वाट्याला आलेले थोडे सरावलेले किंवा थोडे थकलेले. शिवाय धाकट्याच्या घरात एक थोरली बहीण असते, जी थोरलीच्या घरात कधीच नसते. तुम्ही गप्प राहण्याची जागा आधीच घेतली होती, म्हणूनही तुमचा भाऊ विरोधाच्या जागेकडे वळला असेल.

अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस यांनी १९५६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सुरू केलेल्या दीर्घकालीन अभ्यासात मुलांचे स्वभाव अगदी बाल्यावस्थेपासून वेगवेगळे दिसले. मुलाचा स्वभाव आणि घराच्या अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर त्यांनी भर दिला. तोच शीघ्रकोपी बाप हळव्या मुलीला घाबरवतो आणि तापट मुलाला डिवचतो. शिवाय हा प्रवाह उलटाही वाहतो. सामोरा येणारा मुलगा वडिलांचा राग वाढवतो, आणि निघून जाणाऱ्या मुलीकडे त्यांचे लक्ष कमी होते.

एवढे सगळे लिहिण्यामागचा हेतू असा, की तुमच्या प्रत्येक उणिवेचे मूळ त्या किल्लीच्या आवाजात शोधू नका. तुमच्या मुलीचे चेहरा निरखणेही कदाचित तिच्या निरीक्षक स्वभावाचा भाग असेल.

पाऊलवाट

दोन्ही प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत. मला केवळ एक भर घालायची आहे. घर म्हणजे फक्त आईवडील नव्हेत.

हवाईतील कौआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर आणि रूथ स्मिथ यांनी प्रौढ वयापर्यंत मागोवा घेतला. गरिबी, घरातील कलह, आईवडिलांचे व्यसन किंवा मानसिक आजार अशा अनेक अडचणी एकाच वेळी वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले समर्थ, आत्मविश्वास असलेली आणि इतरांची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्या आयुष्यात वारंवार आढळलेली एक गोष्ट म्हणजे त्यांना मनापासून स्वीकारणारे किमान एक स्थिर, मोठे माणूस. कधी ती आजी असे, कधी थोरले भावंड, कधी शिक्षक, तर कधी शेजारी.

मी अनेक वर्षे शिकवण्याचे काम केले आहे आणि यावर माझा पूर्ण विश्वास आहे. निशिगंध, तुमच्या बालपणी अशी व्यक्ती होती का, हे आठवून पाहा. घराची आठवण काढताना आपण ज्यांनी दुखावले त्यांच्यापाशी थांबतो, आणि ज्यांनी तारले ती माणसे हिशेबातून गळून पडतात.

मनमोकळी

समुपदेशनाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे 'मोठेपणी किती बदल होऊ शकतो' या प्रश्नापुरते लिहिते.

मेरी मेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात प्रौढांच्या बालपणीच्या नात्यांविषयी एक मुलाखतपद्धती तयार केली. आईविषयी पाच विशेषणे सांगा, आणि मग प्रत्येक विशेषणाला आधार देणारी एखादी आठवण सांगा, अशा स्वरूपाचे प्रश्न त्यात असतात. बालपण सुखाचे होते की दुःखाचे, यापेक्षा माणूस त्याविषयी किती सुसंगतपणे बोलू शकतो याकडे तेथे लक्ष दिले जाते. कोणी आईला 'अत्यंत प्रेमळ' म्हणतो आणि एकही प्रसंग सांगू शकत नाही. कोणी चाळिशीतही कालच भांडण झाल्यासारखा संतापतो. आणि कोणी खडतर बालपणाविषयी शांतपणे, आईवडिलांच्या मर्यादा समजून घेऊन, तरीही झालेला त्रास न नाकारता बोलतो. या शेवटच्या गटातील लोकांची स्वतःच्या मुलांशी असलेली नाती पुष्कळदा सुरक्षित आढळतात. पीटर फोनागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनमध्ये गरोदर स्त्रियांच्या अशाच मुलाखती घेतल्या होत्या, आणि मूल एक वर्षाचे झाल्यावर त्याचा आईशी बंध सुरक्षित आहे की नाही, हे त्यांवरून सुमारे ७५ टक्के प्रकरणांत आधीच सांगता आले. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध त्याहून सौम्य आढळला, पण तो नाहीसा झाला नाही.

म्हणूनच तुमच्या प्रश्नातील किल्लीचे वर्णन वाचून मला आशा वाटली. तुम्ही वडिलांना कष्टाळू आणि प्रामाणिकही म्हटले आहे, आणि त्यांच्या रागाची किंमतही लपवलेली नाही. तर्कसंगत यांचा मुद्दा मला मान्य आहे, मात्र तो समूहांतील फरकांविषयीचा आहे. एखाद्या व्यक्तीला धोक्याची जी खूण लहानपणी शिकवली गेली, ती पुसायची कशी, याचे उत्तर जनुकांच्या टक्केवारीतून मिळत नाही.

ही खूण नव्या अनुभवांनी पुसट होते. वरिष्ठांसमोर एकदम उभे राहण्याऐवजी सुरुवात नवऱ्यापासून करा, कारण तेथे धोका सर्वांत कमी आहे. गप्प व्हावेसे वाटेल तेव्हा एवढेच म्हणा, "मला आत्ता बोलता येत नाही, रात्री बोलू." आणि रात्री खरोखर बोला. पहिले वाक्य पुष्कळांना जमते, दुसरा भाग राहून जातो, आणि तो राहिला की समोरच्यासाठी तो पुन्हा अबोलाच ठरतो.

निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. पाऊलवाट, तुमचा प्रश्न वाचला आणि आत्या डोळ्यांसमोर आली. ती यायची तेव्हा मी आतल्या खोलीत जात नसे, हे मला आजवर कधी जाणवलेच नव्हते.

तर्कसंगत, 'प्रत्येक मूल वेगळ्या घरात वाढते' हे पटले. याविषयी भावाशी बोलावे असे तीव्रतेने वाटते आहे. वडील आता वृद्ध आणि पुष्कळ निवळले आहेत. त्यांच्याशीही बोलावे का, की आता तो विषय काढणे अन्यायाचे होईल?

मनमोकळी

भावाशी जरूर बोला, पण तुमची आठवण त्याच्याकडून मान्य करून घेण्यासाठी नव्हे. त्याच संध्याकाळी त्याला कशा आठवतात हे आधी विचारा, आणि त्याचे पूर्ण ऐकून झाल्यावरच आपले सांगा. तो कदाचित म्हणेल की तू आत निघून जात होतीस म्हणून मला पुढे व्हावे लागत होते. हे ऐकायला जड जाईल. तेव्हा लगेच खुलासा करू नका.

वडिलांच्या बाबतीत बोलण्याचा हेतू काय, हे आधी स्वतःशी स्पष्ट करा. त्यांनी चूक कबूल करावी अशी अपेक्षा असेल तर निराशा होण्याची शक्यता मोठी आहे, आणि वृद्ध माणसाला अचानक जाब विचारला गेला की ते बहुधा स्वतःचा बचाव करू लागते किंवा गप्प होते. त्यांना समजून घ्यायचे असेल तर त्यांच्या स्वतःच्या बालपणाविषयी विचारा: त्यांचे वडील घरी आले की घरात काय होत असे, आणि ते स्वतः तेव्हा कोठे असत. त्या दिवशी ते काही बोलले नाहीत तर आग्रह करू नका. काही दिवसांनी पुन्हा विचारा. पुष्कळ वेळा उत्तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या खेपेला येते, आणि तेही दुसऱ्याच कोणत्या तरी विषयावर बोलताना.