मदत हवी आहे: डाव्या अंगठ्याला त्रास न देणारा गेम कंट्रोलर कोणता?

नमस्कार मंडळी,

बाबांसाठी कंट्रोलर घ्यायचा आहे आणि तीन पर्यायांत अडकलो आहे. यूट्यूबवरचे रिव्ह्यू भरपूर बघून झाले. फीचर्स सगळे सांगतात, पण तासभर हातात धरल्यावर बोटांचं काय होतं ते कुणी बोलत नाही. म्हणून इथे विचारतोय.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. बरीच वर्षं कराड-चिपळूण, म्हणजे कुंभार्ली घाट रोजचाच. रिटायर झाल्यावर माझ्या भाच्याने त्यांना लॅपटॉपवर युरो ट्रक सिम्युलेटर २ लावून दिला आणि ते त्यात पार रमले. गेममधल्या ब्रिटनमध्ये आपल्यासारखीच डावीकडून वाहतूक आहे, उजवीकडे स्टिअरिंग असलेली केबिनही घेता येते, त्यामुळे त्यांचा मुक्काम बहुतेक तिकडेच. डोव्हरहून फेरीने कॅलेला उतरलं की बाजू बदलते, ते त्यांना अजिबात रुचत नाही.

कीबोर्डवर खेळताना त्यांची चिडचिड होते. की दाबली की एक्सलेटर पूर्ण, सोडली की शून्य. ज्या माणसाने इंजिनाचा आवाज ऐकत पाय कमी-जास्त करून भरलेली गाडी घाटात चढवली, त्याला हे कसं चालेल? वळणावर तर की टकटक दाबत राहावं लागतं आणि मागे ट्रेलर डुलत राहतो. स्टिअरिंग व्हील सुचवू नका, ते दिवाणावर बसून खेळतात, टेबल ठेवायला जागा नाही. बजेट साधारण ₹६,०००.

आता खरी अडचण. त्यांच्या डाव्या अंगठ्याच्या मुळाशी संधिवात आहे. डॉक्टर वयोमानाची झीज म्हणतात, बाबा म्हणतात जन्मभर त्याच हाताने गिअर टाकले. काही असो, अंगठा तळव्याकडे वळवून दाब दिला की कळ येते. उजवा हात ठणठणीत आहे.

मी स्वतः प्लेस्टेशन २ वर वाढलो. त्याचा ड्युअलशॉक २ हा माझा आजवरचा सगळ्यात आवडता कंट्रोलर. त्याची बटणं दाब ओळखायची. ग्रॅन टुरिस्मो ३ मध्ये फुलीचं बटण हलकं दाबलं तर गाडी हलकीच पळायची. बटणावर अंगठ्याचं टोक ठेवून पेर जराशी टेकवायची, तेवढ्यात वेग वाढायचा. इतक्या बारीक हालचालीला गाडी साथ देते हे पहिल्यांदा कळलं तेव्हा केवढा आनंद झाला होता. बाबांनाही नेमकं हेच हवंय.

पर्याय असे:

एक्सबॉक्सचा कंट्रोलर (२०२० पासूनचा). डावी स्टिक वरच्या बाजूला, अंगठा सरळ ठेवला की आपोआप जिथे पडतो तिथेच. ट्रिगर (तर्जनीखालची बटणं) अ‍ॅनालॉग, म्हणजे अर्धा दाबला तर अर्धा एक्सलेटर. पण गायरो (कल ओळखणारा सेन्सर) नाही, म्हणजे कंट्रोलर कलता करून गाडी वळवता येत नाही.

प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स. गायरो आहे, ट्रिगर उत्तम. पण दोन्ही स्टिक खाली आणि आतल्या बाजूला, म्हणजे अंगठा नेमका दुखतो तसाच वळणार.

निन्टेन्डो स्विचचा प्रो कंट्रोलर. स्टिकची जागा चांगली, गायरोही आहे. पण ट्रिगर चालू-बंद, अर्धवट दाब त्याला कळतच नाही. एक्सलेटरचं दुखणं पुन्हा जैसे थे. बहुतेक हा बादच.

ज्यांनी हे वापरलेत, किंवा ज्यांच्या हाताला असा त्रास आहे, त्यांनी कृपया सांगा. आणि तुमचा आवडता कंट्रोलर कुठला, तो हातात का आवडतो, हेही लिहा. त्यातूनच काहीतरी सापडेल असं वाटतंय.

रात्रपाळी:
ड्युअलसेन्स घ्या. गायरो लावला तर डावी स्टिक लागतच नाही, मग ती खाली आहे की वर, काय फरक पडतो? गेम स्टीमवर (पीसी गेम विकत घ्यायचं आणि चालवायचं अ‍ॅप) आहे ना? स्टीममध्ये कंट्रोलरच्या सेटिंगमध्ये जाऊन गायरो स्टिअरिंगला जोडता येतो. दोन्ही हात मांडीवर टेकवून कंट्रोलर थोडा डावी-उजवीकडे कलवायचा. मी रेसिंग गेम असेच खेळतो. सुरुवातीला गाडी जरा भरकटते, पण बाबांच्या हातांना स्टिअरिंगची सवय आहे, त्यांना माझ्यापेक्षा लवकर जमेल.

ड्युअलसेन्सच्या ट्रिगरमध्ये छोट्या मोटर असतात, त्या बोटाला उलटा जोर देतात. ब्रेक दाबताना पेडल घट्ट झाल्यासारखं वाटतं. हा अनुभव मला इतर कशातच मिळाला नाही, म्हणून माझा आवडता तोच. पण पीसीवर ही करामत गेमने सपोर्ट दिला असेल तरच चालते, आणि बहुतेक वेळा केबल लावूनच. केवळ त्यासाठी घेऊ नका.

घाटवळण:
मला वाटतं, उत्तर याहून सोपं आहे. स्टिअरिंग उजव्या स्टिकवर घ्या! गेमच्या कंट्रोल्समध्येच बदलता येतं. उजवा अंगठा चांगला आहे तर त्यालाच कामाला लावा. एक्सलेटर-ब्रेक तसेही दोन्ही तर्जन्यांकडे असतात. इकडेतिकडे बघायचा कॅमेरा डाव्या स्टिकवर टाका, तो क्वचितच लागतो.

एकच गोष्ट बघावी लागेल. उजवा अंगठा स्टिकवर अडकला की ए, बी, एक्स, वाय या बटणांसाठी तो उचलावा लागतो. म्हणून इंडिकेटर वरच्या एलबी आणि आरबी बटणांवर घ्या. डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे, लक्षात ठेवायचीही गरज नाही.

शिवाय त्याच सेटिंगमध्ये स्टिअरिंग सेन्सिटिव्हिटी आणि नॉन-लिनिअरिटीच्या पट्ट्या आहेत. दुसरी वाढवली की स्टिक मध्याच्या आसपास असताना गाडी कमी वळते, टोकाला नेली की जास्त. मोटरवेवर सरळ चालवताना ट्रेलर डुलणं यानेच थांबेल.

कंदीपेढा:
मी पंधरा वर्षं अमेरिकेत आहे, माझा आवडता कंट्रोलर निन्टेन्डो गेमक्यूबचा, २००१ चा. तुम्हाला तो घ्या म्हणत नाही, पण का आवडतो ते विचारलंत म्हणून लिहिते. त्यात ए बटण मोठं हिरवं आणि मधे, बाकीची त्याच्याभोवती वेगवेगळ्या आकारांची. एक्स आणि वाय तर घेवड्याच्या दाण्यासारखी वळलेली. न बघता अंगठ्याला कळतं आपण कुठे आहोत. आणि ट्रिगर हळूहळू आत जातो, अगदी शेवटी टक् असा एक वेगळा क्लिक येतो. दाब कुठे संपला हे बोटालाच समजतं. दुकानात जाता आलं तर बाबांना स्वतः ट्रिगर दाबून बघू द्या. कुणाला लांब चाल आवडते, कुणाला आखूड.

आणखी एक. कंट्रोलरची थरथर बंद करा. माझ्या मनगटाला त्रास होता तेव्हा सगळ्यात आधी फरक पडला तो यानेच.

घाटवळण:
थरथरीचं अगदी बरोबर. वजनाचंही बघा. एक्सबॉक्सच्या कंट्रोलरला दोन पेन्सिल सेल लागतात, पण यूएसबी केबल लावली की सेल काढून टाकले तरी चालतो. जवळपास ५० ग्रॅम कमी होतात. मांडीवर उशी ठेवली तर हातावर भार जवळजवळ नाहीच.

रात्रपाळी:
टिकाऊपणाचंही बोलून घेऊ. या तिन्हींच्या स्टिकखाली कार्बनच्या पट्टीवर घासणारा संपर्क असतो. तो झिजला की हात न लावताही गाडी एका बाजूला ओढते. चुंबक आणि हॉल सेन्सर (चुंबकाची जागा न शिवता ओळखणारा) असलेल्या स्टिकमध्ये घासणारं काही नसतं, म्हणून तशी झीज होत नाही. कल्पना नवी नाही, सेगाच्या ड्रीमकास्टमध्ये १९९८ लाच चुंबकवाली स्टिक होती. आता ८बिटडूसारख्या कंपन्या बजेटमध्ये देतात. एक्सबॉक्ससारखी ठेवण आणि अ‍ॅनालॉग ट्रिगर असलेलं मॉडेल बघा. घेण्याआधी ट्रिगर चालू-बंद प्रकारचे नाहीत याची मात्र खात्री करा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. उजव्या स्टिकची कल्पना डोक्यातच आली नव्हती. भाच्याकडे ड्युअलसेन्स आहे, तो रविवारी घेऊन येतोय. त्यावर गायरो आणि उजवी स्टिक दोन्ही लावून बाबांना देतो, थरथर बंद करून. गायरो आवडला तर ड्युअलसेन्स, स्टिक आवडली तर एक्सबॉक्सच्या ठेवणीतला हॉल सेन्सरवाला.

एक शंका राहिली. बाबांना हँडब्रेक आणि हेडलाइटचा डिपरही हाताशी हवाय, ते ओव्हरटेकला डिपर दिल्याशिवाय राहत नाहीत. डी-पॅड (अधिकच्या चिन्हासारखं चार दिशांचं बटण) डाव्या अंगठ्याखाली येतो, म्हणून तो नको. एलबी-आरबी इंडिकेटरला गेले. घाटवळण, तुम्ही हे दोन कुठे ठेवलेत?

घाटवळण:
हँडब्रेक ए वर, तो गाडी थांबल्यावरच लागतो, तेव्हा अंगठा मोकळाच असतो. डिपर उजवी स्टिक आत दाबून. स्टिक न सोडता होतो. फक्त जोरात दाबताना गाडी वळू नये म्हणून डेडझोन, म्हणजे स्टिक जरा हलली तरी गाडी वळत नाही तो मधला भाग, थोडा वाढवा.