माउंट वॉशिंग्टन: आई-बाबांना गाडीने वर न्यावं का?

मंडळी, मदत हवीये. आई-बाबा बॉस्टनला आलेत, वीकेंडला न्यू हॅम्पशायरला चाललोय आणि बाबांना माउंट वॉशिंग्टनच्या टोकावर जायचंच आहे. आईचे गुडघे बोंबलतायत त्यामुळे ट्रेक कॅन्सल, म्हणून ऑटो रोड, म्हणजे टोकापर्यंत गाडीने जायचा रस्ता, साधारण साडेसात मैल चढ, कडेला कठडे नाहीत म्हणे! चढायचं टेन्शन नाही, उतरताना लो गिअर टाकून ब्रेक तापू न देता ऑटोमॅटिक गाडी कशी आणता तुम्ही? की सरळ कॉग रेल्वेने (दातेरी रुळावरून टोकापर्यंत चढणारी गाडी) जावं, ती १८६९ पासून चालतेय, पण तिकीट जरा जडच आहे. आणि वर ६,२८८ फुटांवर जुलैत स्वेटर पुरेल का कानटोपी पण घेऊ? आई शालीवरच अडून बसलीये.