अप्पांची सीमेवरची पत्रे : कुटुंबाच्या ग्रुपवर झालेली चर्चा

थोरले काका (परभणी):
सर्वांना नमस्कार. जुन्या घराचे माळवद उतरवण्याआधी सामान हलवताना माईच्या पेटीत अप्पांची पत्रे सापडली, हे बहुतेकांना फोनवरून कळले आहेच. ती ऑक्टोबर १९७१ ते डिसेंबर १९७२ या काळातली, म्हणजे अप्पा सैन्यात दंतवैद्यकीय अधिकारी असताना आणि एका फील्ड अॅम्ब्युलन्सबरोबर (म्हणजे आघाडीजवळच्या फिरत्या वैद्यकीय तुकडीबरोबर) पश्चिम सीमेवर असतानाची आहेत. 'सगळी पत्रे ग्रुपवर टाका' असा आग्रह कालपासून चालू आहे. माझे म्हणणे असे की पत्रे अप्पांनी आपल्या पत्नीला, म्हणजे माईला लिहिलेली आहेत, माई आपल्यात आहे आणि तिची स्मृतीही आपल्यापैकी अनेकांपेक्षा चांगली आहे, तेव्हा तिने होकार दिल्याशिवाय एकही पान येथे येणार नाही. पत्रांत काय आहे, याविषयी बोलायला मात्र हरकत नाही. मी ती सगळी वाचली आहेत. रणगाडे, विमाने, शौर्यकथा शोधणाऱ्याच्या हाती त्यांतून फारसे काही लागणार नाही. दाढा, हिरड्या, थंडी, चहा, मुलांचा अभ्यास आणि आमच्या आजीची तब्येत, एवढ्यावरच बहुतेक पत्रे संपतात.

पुण्याचा धाकटा पुतण्या:
काका, ३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्तानी विमानांनी आपल्या विमानतळांवर हल्ले केले आणि १७ डिसेंबरला पश्चिम आघाडीवर युद्धविराम झाला. या मधल्या दिवसांतली पत्रे असतील तर त्यांत काहीच नाही, असे कसे होईल? अप्पा पठाणकोटच्या पुढे होते, असे ते स्वतः सांगत असत. शकरगडची आघाडी तिथलीच. १६ डिसेंबरला सेकंड लेफ्टनंट अरुण खेतरपाल बसंतरच्या लढाईत धारातीर्थी पडले, तो मुलूखही तोच. शिवाय एक प्रश्न विचारतो, त्यावर कोणी रागावू नये. गोळीबार चालू असताना दंतवैद्याला तेथे नेमके काय काम असते?

थोरले काका (परभणी):
त्या दिवसांतली तीन पत्रे आहेत. युद्ध हा शब्द एकातही नाही. एकात लिहिले आहे की वीज नसल्यामुळे दात कोरायचे यंत्र पायाने चालवावे लागते, त्यामुळे माईच्या शिवणयंत्राची रोज आठवण होते. दुसऱ्यात एका तरुण पंजाबी जवानाचा उल्लेख आहे. त्याला आता पाच-सहा आठवडे वरणाचे पाणी आणि दूध यांवर राहावे लागेल, त्याला मान पुढे झुकवून बसवूनच न्यायला सांगितले आहे आणि मागे पाठवताना त्याच्या गळ्यात एक कात्री अडकवून दिली आहे, असे अप्पा लिहितात. मला यातली कात्री उलगडली नाही. तिसरे पत्र १७ तारखेचे आहे. रुग्ण पुष्कळ होते, झोप कमी झाली, आणि थोरल्याची दुधाची दाढ अजून पडली नसेल तर ओढू नये, एवढाच त्यातला मजकूर. तो थोरला म्हणजे मी.

लातूरची ताई (दंतवैद्य):
काका, त्या कात्रीतच सगळे युद्ध आहे. जबडा मोडलेल्या माणसाचे वरचे आणि खालचे दात एकमेकांत बसवून तारेने घट्ट बांधतात, म्हणजे मोडलेले हाड हलत नाही आणि साधारण सहा आठवड्यांत जुळून येते. तेवढे दिवस तोंड उघडत नाही, म्हणून पातळ अन्न. पण अशा रुग्णाला प्रवासात उलटी झाली किंवा तोंडात रक्त साचले, तर तो गुदमरून दगावू शकतो. तार ताबडतोब तोडता यावी म्हणून ती कात्री त्याच्यासोबत द्यावीच लागते. मान पुढे झुकवून बसवायचे कारणही हेच आहे. खालचा जबडा फुटला की जिभेचा आधार जातो, आणि उताणे निजवले तर जीभ मागे पडून श्वास बंद होतो. गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा चेहऱ्यावर लागल्यानंतरचे हे उपचार आहेत. बाबारे, तुझ्या आजोबांनी एका मुलाचा फुटलेला चेहरा बांधून त्याला जिवंत मागे पाठवला आणि आजीला मात्र वरणाच्या पाण्याची गोष्ट सांगितली.

तुझ्या प्रश्नाचे उत्तरही देते, कारण तो प्रश्न एकेकाळी मोठमोठ्या सेनापतींनाही पडला होता. १९१४ मध्ये ब्रिटिश सैन्य फ्रान्समध्ये उतरले तेव्हा त्याच्यासोबत एकही दंतवैद्य नव्हता. फ्रान्समधल्या एन नदीकाठच्या लढाईच्या सुमारास ब्रिटिश सेनानी जनरल हेग यांची दाढ दुखू लागली आणि त्यांच्यासाठी पॅरिसहून दंतवैद्य आणावा लागला. त्यानंतर दंतवैद्य पाठवायला सुरुवात झाली आणि १९२१ मध्ये ब्रिटिशांनी स्वतंत्र दंतवैद्यकीय दल उभारले. आपल्याकडचे दल १ फेब्रुवारी १९४१ रोजी, म्हणजे दुसरे महायुद्ध चालू असताना स्थापन झाले. शांततेत या अधिकाऱ्याचे काम जवानांचे दात धड ठेवण्याचे असते, कारण दाढ ठणकत असलेला जवान ना जेवू शकतो, ना झोपू शकतो. लढाई सुरू झाली की त्याच्याकडे जबड्याच्या आणि चेहऱ्याच्या जखमा येतात. जखमींची रीघ लागली तर तो भूल द्यायला, रक्त चढवायला, कोणाला आधी घ्यायचे ते ठरवायलाही उभा राहतो. अमेरिकेच्या कॅप्टन बेन सॉलोमन यांचे उदाहरण आमच्या व्यवसायात सगळ्यांना ठाऊक असते. हे दंतवैद्य ७ जुलै १९४४ रोजी सायपन बेटावर एका बटालियनच्या डॉक्टरांच्या जागी काम करत होते. तंबूतल्या जखमींना मागे जाता यावे म्हणून ते स्वतः मशीनगनवर बसले आणि तेथेच मारले गेले. त्यांना अमेरिकेचे सर्वोच्च शौर्यपदक मिळायला २००२ साल उजाडले. डॉक्टर लढत नाहीत, या समजुतीमुळे आणि नियमामुळे ते इतकी वर्षे अडले होते.

अप्पांनी असे काही केले, असे मी मुळीच सुचवत नाही. पण 'दाढा आणि हिरड्या' असे म्हणून काकांनी ज्या पत्रांची बोळवण केली, ती मला प्रत्यक्ष पाहायची आहेत.

जावईबापू (हिंगोली):
मी टपाल खात्यात आयुष्य काढले, म्हणून दोन शब्द. त्या पत्रांवर गावाचे नाव शोधू नका, ते मिळणार नाही. सैन्यातल्या माणसाचा पत्ता म्हणजे त्याचा हुद्दा, युनिट आणि '५६ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस). पूर्वेकडच्या तुकड्यांसाठी '९९ एपीओ' असे. जवान कोठे आहे हे पोस्टमनलाच काय, पत्नीलाही पत्त्यावरून कळू नये, हाच त्यामागचा हेतू. मात्र पाकिटावर फील्ड पोस्ट ऑफिसच्या क्रमांकाचा आणि तारखेचा शिक्का असतो. तो क्रमांक कोणत्या विभागाबरोबर होता, हे टपालाचा इतिहास जमवणारे जाणकार बऱ्याचदा सांगू शकतात. म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की पत्रे जपाल, तशी पाकिटेही जपावीत. ज्या पत्रांवर तारीख नाही, त्यांचा काळही पाकिटावरून लागतो. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. तेव्हा पत्त्यात परभणीपुढे ४३१४०१ असे लिहिलेले असेल, तर ते पत्र त्यानंतरचे, हे निश्चित.

नांदेडची आत्या:
दादा, पेटीच्या तळाशी माईचे स्वतःचे एक पत्र आहे, ते तू पाहिलेस का? अप्पांची तुकडी हलल्यामुळे ते फिरून परत आले होते. बाकी तिची सगळी पत्रे तिकडेच राहिली. छावणी हलवताना असले कागद जाळून टाकत, असे अप्पा एकदा म्हणाले होते.

जावईबापू (हिंगोली):
त्या पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशेजारी पाच पैशांचे शरणार्थी साहाय्याचे तिकीट आहे का, ते पाहावे. पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांसाठी १५ नोव्हेंबर १९७१ पासून हा जादा आकार सुरू झाला होता.

नांदेडची आत्या:
आहे. आणि पत्रात माईने लिहिले आहे की आडाला पाणी भरपूर आहे, ज्वारी घरात आहे, काळजी नसावी. पत्र जून १९७२ चे आहे. त्या उन्हाळ्यात आमचा आड पार आटला होता. दोन-दोन दोर एकमेकांना बांधून पोहरा सोडला तरी वर गाळच येत असे. पाण्यासाठी माई पहाटे उठून आम्हा दोघींना घेऊन मळ्यातल्या विहिरीवर जात असे. खरीप आदल्या वर्षीच हातचे गेले होते, आणि बहात्तरचा पाऊस त्याहून वाईट गेला. गावातली निम्मी माणसे खडी फोडायला आणि पाझर तलावाच्या कामावर जात होती. शाळेत सुकडी मिळायची आणि रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी मिळायची. तिच्या भाकरीला चिरा पडत आणि ती घशाखाली उतरत नसे. यातली एकही गोष्ट माईच्या पत्रात नाही. ज्वारी घरात आहे, हे तर धडधडीत खोटे होते.

मला वाटते, ही पत्रे युद्धाचा इतिहास म्हणून वाचण्यात अर्थ नाही, आणि धाकट्याने हे मनावर घ्यावे. तिकडून तो माणूस तिला युद्ध कळू देत नव्हता आणि इकडून ही बाई त्याला दुष्काळ कळू देत नव्हती. युद्ध तर चौदा दिवसांत संपले. पण सैन्य सीमेवरून लगेच हटले नाही. २ जुलै १९७२ ला शिमला करार झाला आणि माघार पुरी व्हायला २० डिसेंबर उजाडला. त्या पूर्ण वर्षात लपवण्यासारखे जास्त तर परभणीतच होते.

थोरले काका (परभणी):
तुझे म्हणणे पटते, पण एक दुरुस्ती सुचवतो. अप्पांना ठाऊक होते. माई शेंगदाण्याची चटणी आणि लाडू पाठवायची, ते डबे ती 'मराठवाडा' दैनिकाच्या अंकांत गुंडाळायची. संपादक अनंत भालेरावांचे ते दैनिक दुष्काळावर किती तळमळीने लिहीत असे, हे जुन्या वाचकांना सांगायला नको. ऑगस्टच्या एका पत्रात अप्पांनी लिहिले आहे की लाडू चांगले होतेच, पण कागदही शेवटच्या ओळीपर्यंत वाचून काढला. पुढच्या महिन्यापासून मनीऑर्डरची रक्कम वाढली. पत्रात मात्र त्याचे कारण दिले आहे ते असे की इकडे खर्चच होत नाही. याबद्दल दोघांपैकी कोणीही पुढे एक अक्षर लिहिलेले दिसत नाही.

संभाजीनगरचे मामा (वकील):
कायद्याचा मुद्दा थोडक्यात मांडतो. पत्राचा कागद ज्याला आला त्याच्या मालकीचा, म्हणजे माईंच्या मालकीचा. मजकुराचा स्वामित्वहक्क मात्र लिहिणाऱ्याचा असतो आणि त्याच्या मृत्यूनंतर तो वारसांकडे जातो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो, आणि लेखन मरणोत्तर प्रसिद्ध झाले तर ही मुदत प्रकाशनापासून मोजतात. म्हणून पुस्तक काढायचे झाल्यास सर्व भावंडांची लेखी संमती घ्यावी. ग्रुपवर छायाचित्रे टाकणे हे सोपे वाटते, पण येथून ती कोठे जातील यावर आपला ताबा राहत नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

धाकटी नात (माईआजीजवळून):
सर्वांचे संदेश मी माईआजीला वाचून दाखवले. ती सांगते तसे लिहिते आहे, माझ्या पदरचे काही घातलेले नाही.

माई म्हणते की त्या कात्रीचा अर्थ मला तेव्हाच समजला होता, कारण लग्नानंतर मुंबईत अप्पांच्या शिक्षणाच्या वेळी मी त्यांची वह्या-पुस्तके चाळत असे. (तेव्हा मराठवाड्यात दंत महाविद्यालय नव्हते. औरंगाबादचे १९८२ मध्ये निघाले, असे मामा शेजारून सांगत आहेत.) अर्थ समजूनही मी त्यांना काही विचारले नाही, कारण विचारले असते तर पुढच्या पत्रातून त्यांनी तेवढेही लिहिणे बंद केले असते. ज्वारीबद्दल आत्या जे खोटे म्हणते, त्यावर माईचे उत्तर असे आहे की शंभर कोसांवर सीमेवर बसलेल्या माणसाला आड आटल्याचे कळवून आडाला पाणी येणार होते का. पुढे ती म्हणते की वर्तमानपत्राचे कागद काही मी नकळत गुंडाळले नव्हते.

पत्रे वाचायला तिची हरकत नाही. मात्र तीन पत्रे ती स्वतःजवळ ठेवणार आहे. दोन कोणालाही दाखवणार नाही. तिसऱ्यात अप्पांनी तिच्या माहेरच्या एका माणसाविषयी जे लिहिले आहे, ते त्या माणसाच्या नातवंडांनी वाचण्यासारखे नाही, आणि त्यांतली काही या ग्रुपवर आहेत.

पुण्याचा धाकटा पुतण्या:
माईआजीने चटणीच्या डब्यातून दुष्काळ सीमेवर पाठवला, हे वाचल्यावर रणगाड्यांचा आग्रह मी सोडतो. पत्रे टंकलिखित करण्याचे काम मला द्यावे. जेथे दंतवैद्यकाचा उल्लेख येईल तेथे ताईने खाली टीप लिहावी, कारण तशा टिपेशिवाय निम्मे पत्र माझ्यासारख्याला कळणारच नाही.

लातूरची ताई (दंतवैद्य):
लिहीन. युद्धविरामानंतरची पत्रेही मला दे. सुरुंगांच्या जखमा त्यानंतरही येत राहिल्या असणार, आणि त्या अप्पांनी कोणत्या शब्दांत झाकल्या आहेत हे मला पाहायचे आहे.

थोरले काका (परभणी):
ठरले तर मग. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता सर्वांनी घरी यावे. पत्रे माईच्या समोर बसून तिच्याच क्रमाने लावायची आहेत. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढाव्यात, फाटलेल्या कागदाला चिकटपट्टी लावू नये आणि कोणीही उत्साहाने लॅमिनेशन करून आणू नये, कारण ते पुन्हा सुटत नाही. फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढावेत. जावईबापूंनी भिंग आणावे, आणि मार्च ते मे १९७२ ची पाकिटे कोणाकडे गेली असतील तर त्यांनी ती परत आणावीत. मुलांच्या तिकीटसंग्रहात ती असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

जावईबापू (हिंगोली):
भिंग आणतो. ज्यांनी तिकिटे कापून घेतली असतील, त्यांनी ती तुकड्यांसकट आणली तरी चालेल.