रेव्हिट की आर्चिकॅड
सिव्हिल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहेस आणि रेव्हिट शिकू की आर्चिकॅड (दोन्ही इमारतीचं थ्रीडी मॉडेल करायची सॉफ्टवेअर) असं विचारलंयस ना, तर नोकरी पुण्या-मुंबईतच बघणार असशील तर सरळ रेव्हिट घे. आर्चिकॅड पण मस्तच, मॅकवरही चालतं (रेव्हिटला विंडोजच लागतं), पण आपल्याकडे स्ट्रक्चर आणि एमईपीवाले (एसी, वीज, प्लंबिंगचं डिझाइन करणारे) जास्त करून रेव्हिटवर बसलेले असतात. मॉडेलमध्ये खिडकी दोन फूट सरकवली की प्लॅन, एलिव्हेशन, सेक्शन सगळीकडे आपोआप सरकते, साध्या ऑटोकॅड ड्रॉइंगमध्ये हेच प्रत्येक शीटवर हाताने करत बसावं लागतं. फक्त एक, रेव्हिटच्या नव्या व्हर्जनची फाइल जुन्यात उघडत नाही, त्यामुळे टीममध्ये कुठलं व्हर्जन आहे ते आधी विचार. रेव्हिटचं स्टुडंट लायसन्स वर्षभर फुकट मिळतं, क्लासची फी भरायच्या आधी टेप घेऊन स्वतःचंच घर मोज आणि मॉडेल कर, जिना करताना खरं कळेल.