घरी बांधलेल्या विमानासाठी परवडणारे इंजिन

प्रश्न:
मी दोन आसनांचे लाकडी विमान बांधत असून सांगाडा आणि पंख पूर्ण झाले आहेत. आराखड्यात ८० ते १०० अश्वशक्तीचे इंजिन सुचवले आहे, परंतु नवे रोटॅक्स ९१२ माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. फोक्सवॅगन मोटारीचे इंजिन बदल करून वापरावे, की जुने काँटिनेंटल ओ-२०० घ्यावे?

उत्तर १:
फोक्सवॅगनच्या जुन्या बीटल मोटारीचे इंजिन स्वस्त आहे, हवेने थंड होते आणि त्याचे सुटे भाग सहज मिळतात. मात्र प्रोपेलर थेट क्रँकशाफ्टवर (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्यावर) बसवला की पुरेशा ताकदीसाठी फेरे वाढवावे लागतात, प्रोपेलर लहान ठेवावा लागतो आणि चढताना ओढ कमी पडते. एका आसनाच्या विमानासाठी मी ते निःशंकपणे सुचवले असते, तुमच्यासाठी नाही.

उत्तर २:
ओ-२०० मिनिटाला २७५० फेऱ्यांवर १०० अश्वशक्ती देते आणि त्याला दोन स्वतंत्र मॅग्नेटो (इंधन पेटवणाऱ्या ठिणगीसाठी वीज तयार करणारी यंत्रे) असतात. विकत घेण्यापूर्वी प्रत्येक सिलिंडरची दाबचाचणी स्वतः उभे राहून करून घ्यावी. या चाचणीत सिलिंडरमध्ये दाबाखालची हवा भरल्यावर एक्झॉस्टच्या नळीतून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळत असतो. तेल भरण्याच्या तोंडाशी आली तर पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असतात. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इंजिनाचा कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) आतून गंजलेला असू शकतो, म्हणून इंजिन कमी तास चालल्याच्या नोंदीवर कृपया भुलू नका.

उत्तर ३:
ओ-२०० हे रोटॅक्सपेक्षा जड आहे, त्यामुळे माउंट (इंजिन बसवण्याची चौकट) बनवण्याआधी विमानाचा गुरुत्वमध्य पुन्हा मोजावा.